चंद्रावतीच्या बोक्याचं पथ्य

चंद्रावती कुबल हिच्या मासळीबद्दल कुणी वावगा शब्द काढला, तर ती आधी डोक्यावरची पाटी खाली ठेवायची, मग पदर खोचायची आणि मग तोंड उघडायची. हा क्रम मसुऱ्याच्या बाजारात सगळ्यांना पाठ होता. त्यामुळे पाटी खाली उतरताना दिसली की माणसं आपलं म्हणणं आवरतं घेत. बावीस वर्षं ती सर्जेकोटच्या किनाऱ्यावरून सकाळच्या एसटीने मासळी घेऊन मसुऱ्याला जात होती, आणि बावीस वर्षांत तिने गिऱ्हाईकाला भाव सांगण्याआधी माशाचे कल्ले उघडून दाखवले नाहीत असं एकदाही झालं नव्हतं. कल्ले लाल असले की तिच्या चेहऱ्यावर असं समाधान यायचं, जणू त्या माशाला तिनेच न्हाऊमाखू घातलं आहे.

घरी नवरा काशीराम. गुडघ्याने दगा दिल्यापासून त्याचं होडीवर जाणं संपलं होतं. तो घरापुढच्या खळ्यात बसून लोकांची जाळी विणून द्यायचा. दोन्ही मुली लग्न होऊन गेल्या होत्या. त्यानंतर घरात तिसरं कोण, तर बांगडो.

बांगडो हा बोका. तीन वर्षांपूर्वी किनाऱ्यावर जाळ्याच्या ढिगात ओरडताना काशीरामला सापडला. पाठीवर निळसर काळे पट्टे, अगदी बांगड्याच्या पाठीवर असतात तसे. म्हणून नाव बांगडो. खायचाही बहुतेक बांगडाच. सकाळी किनाऱ्यावर डोकी, दुपारी ताटातला काटा, आणि संध्याकाळी काशीरामची दाढ दुखायची. ही दाढ फक्त जेवताना, आणि फक्त माशाच्या मधल्या तुकड्यापाशीच दुखायची. तो तुकडा मग ताटाखाली जायचा.

पंच्याऐंशी सालची दिवाळी झाली आणि बांगड्याने खाजवायला सुरुवात केली. आधी कानामागे, मग मानेवर, मग तोंडावर. मागचा पाय वर करून तो इतक्या जोरात खाजवायचा, की शेणाने सारवलेल्या खळ्यात त्याच्या बसायच्या जागेला खड्डा पडला. महिन्याभरात मानेवरचे केस गेले आणि कातडीवर वरीच्या दाण्याएवढ्या खपल्या आल्या. पोट चाटून चाटून त्याने गुळगुळीत करून टाकलं.

काशीरामने होडीला लावायचं करंजेल तेल काढलं. लाकडाला वाळवी लागत नाही, तर बोक्याला काय लागणार, असा त्याचा हिशोब. बांगड्याने ते चाटलं, तोंडाला फेस आणला आणि कौलांवर जाऊन बसला, तो दुसऱ्या दिवशीच उतरला. मग चंद्रावतीने मीठमिरच्या ओवाळून दृष्ट काढली. बांगडो सहा वेळा शिंकला आणि पुन्हा खाजवू लागला. शेवटी काशीरामचा चुलतभाऊ, ज्याला सगळी वाडी भाई म्हणायची, त्याला गाऱ्हाणं घालायला बोलावलं. भाई आधी तयार होईना.

"मांजराचा गाऱ्हाणा खंय घालतत काय? देव माका इचारीत, तुका दुसरा काम नाय?"

"तू घाल. देवाक मी सांगतंय," चंद्रावती म्हणाली.

भाईने नारळ हातात घेतला आणि देवाला सांगितलं, की बा देवा, ह्या घरातलो जो कोण चार पायांचो आसा, तेच्या आंगाची जी काय आग झाली आसा ती दूर कर. एरवी सगळ्यांनी मिळून म्हणायचं "व्हय महाराजा" काशीरामने एकट्यानेच म्हटलं. नारळ फुटला. त्यातलं खोबरं बांगड्यासमोर ठेवलं, ते त्याने हुंगून सोडून दिलं.

हे सगळं दोन घरं सोडून राहणारी रुक्मिणी बघत होती. रुक्मिणीही मासळी विकायची, तीही मसुऱ्याला, बाजाराच्या दुसऱ्या टोकाला. दोघींचं वैर असं नव्हतं, पण एकाच एसटीत एकीने पुढच्या दाराशी बसायचं आणि दुसरीने मागच्या बाकावर, हे ठरून गेलं होतं. रुक्मिणी कुणाला काही मुद्दाम सांगत नसे. फक्त मासे निवडणाऱ्या बाईकडे बघून हळूच म्हणायची, "मांजर दर दिसाक जा खाता, ताच तेच्या आंगार येता. मी आपला बोललंय."

आठ दिवसांत ते बोलणं बाजाराच्या या टोकाला पोचलं. माई परुळेकर, हेडमास्तरांची बायको, चंद्रावतीचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. तिने पापलेट उचललं, नाकापाशी नेलं, खाली ठेवलं आणि पुन्हा उचललं. बावीस वर्षांत माईने चंद्रावतीचा मासा हुंगला नव्हता.

"चंद्रावती, तुझ्या मांजराची केसा गेली म्हणान आयकलंय."

पाटी आधीच खाली होती, त्यामुळे चंद्रावतीला काय करावं कळेना. तिने पदर खोचला, तो सोडला, पुन्हा खोचला.

"माईनू, केसा माझ्या घोवाचीय गेली हत. तेवा तुमी कायेक बोललास नाय."

काशीरामचं टक्कल आठवून माई हसली, पण पापलेट न घेता गेली. त्या दिवशी चंद्रावती अर्धी पाटी परत घेऊन आली. उरलेली मासळी तिने मीठ लावून वाळत घातली आणि खळ्यात बांगड्यासमोर बसली. "तुका काय झाला मेल्या? सांग तरी," ती म्हणाली. बांगड्याने मागचा पाय वर केला.

मसुऱ्याला गुरांचा दवाखाना होता. दुसऱ्या दिवशी चंद्रावतीने एका हाताने डोक्यावरची मासळीची पाटी सावरली, आणि दुसऱ्या हातात झाकण बांधलेली करंडी घेऊन ती एसटीत चढली. करंडीत बांगडो होता, समोर बर्फातली सुरमई होती आणि मधे फक्त करंडीच्या वेतांमधली फट होती. वाटभर त्याने असा आवाज लावला, की पुढच्या बाकावरच्या एका म्हाताऱ्याने "बाये, पोराक पदराखाली घे गो," असं दोनदा सांगितलं. कंडक्टर आला.

"ह्या काय?"

"मांजर."

"मांजराचा तिकीट काढूक होया."

"कसला काढतंस?"

कंडक्टरने बराच वेळ विचार केला. "कोंबड्याचा आसा. मांजराचा माका म्हायत नाय."

"मगे कोंबडो समज."

करंडीतून पुन्हा तो आवाज आला. कंडक्टरने कान देऊन ऐकला आणि काही न फाडता पुढे गेला.

दवाखान्यातले डॉक्टर माने सातारकडचे, वयाने तिशीच्या आत. त्यांनी मुंबईला शिकताना मांजरांचे आजार मन लावून वाचले होते, आणि मसुऱ्याला येऊन दोन वर्षं बैलांचे खांदे नि म्हशींची बाळंतपणं केली होती. करंडीचं झाकण उघडून बांगड्याचं तोंड बाहेर आलं, तसे डॉक्टर खुर्चीतून उठलेच.

"मांजर आणलंत? बसा, मावशी, बसा. परशुराम, जरा धर याला."

परशुराम हा दवाखान्यातला मदतनीस. उधळलेला बैल शिंगं धरून खाली बसवणारा माणूस. त्याने बांगड्याच्या नख्यांकडे पाहिलं आणि तो बाकावर चढला. "मी हयसून धरतंय," असं म्हणाला. शेवटी चंद्रावतीनेच बोक्याला टॉवेलात गुंडाळलं आणि बगलेत धरलं.

डॉक्टरांनी बारीक दातांच्या फणीने बांगड्याची पाठ विंचरली. फणीत आलेली घाण ओल्या पांढऱ्या कागदावर झटकली आणि कागद उजेडात धरला. पिसवा असत्या तर त्यांच्या विष्ठेचे काळे ठिपके ओल्या कागदावर तांबडे पसरले असते, असं त्यांनी सांगितलं. कागद स्वच्छ राहिला. मग बॅटरी लावून कान पाहिले. मग खपलीपाशी थोडं खरवडून काचेवर घेतलं आणि सूक्ष्मदर्शकाखाली बराच वेळ बघत बसले. खरजेचा किडा नव्हता.

"बारमाही खाजवतो की ठरावीक ऋतूत?"

"दिवाळीपासून एक दिस सोडल्यान नाय."

"घरात आणखी कुणाला खाज?"

"घोव खाजयता. पण तो पयल्यापासूनच."

"याला खायला काय देता?"

"मासळी."

"आणि?"

चंद्रावतीला प्रश्न समजला नाही. "आणि मासळी," ती म्हणाली.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "मावशी, मला वाटतं ही अ‍ॅलर्जी आहे."

चंद्रावतीने बोका परशुरामच्या अंगावर दिला, तो त्याला घ्यावाच लागला, आणि पदर खोचला.

"हलगर्जी? डॉक्टरानू, माझ्या हातसून हलगर्जी? ह्या बोक्याक मी न्हाणाच्या पाण्यासून हळदीपर्यंत सगळा केलंय. गाऱ्हाणा घातलंय."

डॉक्टरांना काय झालं ते कळायला थोडा वेळ लागला. मग त्यांनी समजावलं. हलगर्जी नाही, अ‍ॅलर्जी. म्हणजे एखादी गोष्ट वाईट नसते, पण अंग उगाच तिला शत्रू समजतं आणि भांडायला उठतं. ते भांडण मग कातडीवर दिसतं. रोज, वर्षानुवर्षं तेच खाल्लं, तरी एक दिवस असं होऊ शकतं.

"म्हणजे शेजारणीसारख्या," चंद्रावती म्हणाली.

"हो, तसंच. तर याला बहुतेक मासळी सोसत नाही."

परशुराम बोका धरून बाकावरून खाली उतरला आणि त्याच्या तोंडाकडे निरखून बघू लागला.

"मासळी सोसणा नाय, तर मगे देवान मांजर केल्यान कशाक?" चंद्रावतीने विचारलं. आवाज खाली आला होता.

"खात्री नाही. खात्री करायला एकच उपाय आहे. आठ आठवडे याला मासळीचा कणही द्यायचा नाही. सुकी नाही, ओली नाही, कालवणाचा रस नाही, दूधही नाही. याने आजवर कधी खाल्लं नाही असं एकच मांस उकडून द्यायचं. मीठमसाला नाही. खाज उतरली, आणि मासळी दिल्यावर परत आली, तर नक्की."

बांगड्याने आजवर काय खाल्लं नव्हतं, यावर बरीच चर्चा झाली. कोंबडीची हाडं त्याने चघळली होती. बकऱ्याचं मटण मात्र घरात जत्रेलाच यायचं, आणि त्यातलं मांजराला द्यायची पद्धत नव्हती. मटण ठरलं. डॉक्टरांनी खाज शमवायची एक सुई टोचली आणि बजावलं, की तेल नाही, माणसाचं मलम नाही, माणसाची गोळी तर नाहीच. मांजर अंगावरचं सगळं चाटतं, आणि आपलं औषध त्याला विष होऊ शकतं.

"आणि मासळी ताजी की शिळी, याच्याशी याचा काही संबंध नाही," ते सहज म्हणाले.

चंद्रावती दारातून परत आली. "ह्या कागदार लिवन देवा."

"मी मासळीचा दाखला कसा देणार? मी गुरांचा डॉक्टर."

तिने पाटी उघडून सुरमईचे कल्ले त्यांच्यासमोर धरले. डॉक्टर साताऱ्याचे. त्यांनी कल्ल्यांकडे आदराने पाहिलं आणि मान डोलावली, पण सही केली नाही.

त्या दिवसापासून चंद्रावती मसुऱ्याला मासळी घेऊन जायची आणि येताना बोक्यासाठी मटण घेऊन यायची. काशीरामने पहिल्या दिवशी आपल्या ताटाकडे आणि बोक्याच्या वाडग्याकडे आळीपाळीने पाहिलं. "मी बावीस वर्सां तुझो घोव," तो म्हणाला, "माका कधी पथ्य सांगललंस नाय." तिने त्याला वाडग्यातलं वरचं पाणी दिलं. मीठ घालून ते त्याला आवडलं.

मटण मिळवणं सोपं होतं; मासळी चुकवणं कठीण. सर्जेकोटला मासळी अंगणात वाळते, दोरीवर लटकते, वाऱ्यावर असते. त्यामुळे बांगड्याला नायलॉनच्या दोरीने पडवीच्या खांबाला बांधून ठेवलं. मान खाजवू नये म्हणून काशीरामने प्लास्टिकचा कॅन कापून त्याच्या गळ्याभोवती भोंगा बसवला. तो घालून बांगडो लग्नातल्या लाऊडस्पीकरसारखा दिसायचा, आणि आवाजही तसाच मोठा यायचा.

तो आवाज जेवणाच्या वेळी सर्वात मोठा. घरात मासा तळला की भोंग्यातून असं रडणं यायचं, की काशीरामच्या घशाखाली घास उतरत नसे. दोन दिवस त्यांनी दार लावून खाल्लं. तिसऱ्या दिवशी चंद्रावतीने टोप उचलला, काशीरामने ताटं घेतली, आणि दोघं वाळूवर ओढून ठेवलेल्या जुन्या होडीत जाऊन बसली. पुढे महिनाभर त्यांची दुपार तिथेच व्हायची. जाणारे येणारे विचारायचे, "काशीराम, खंय चललास?" तो तोंडातला काटा काढत म्हणायचा, "खंय नाय. बोक्याक भियान बसलंय."

चौथ्या आठवड्यात खपल्या सुटायला लागल्या. मानेवर मऊ लव आली. चंद्रावतीने ती बोट फिरवून पाहिली आणि काशीरामलाही बोट फिरवायला लावलं. आणि पाचव्या आठवड्यात एका सकाळी बांगडो पुन्हा खाजवायला लागला. भोंगा पडवीच्या खांबावर आपटत होता. दुसऱ्या दिवशी कानामागे रक्त आलं.

चंद्रावतीने आधी नवऱ्याकडे पाहिलं.

"गळ्याची शपथ. माझी दाढ बरी झाली आसा," काशीराम म्हणाला.

तिने पडवी झाडली. खांबाच्या मागे, दोरी पोचेल तिथे, तिला एक काटा मिळाला. तो तिने उजेडात धरला. सौंदाळ्याचा मधला काटा. गेल्या तीन दिवसांत सर्जेकोटच्या किनाऱ्यावर सौंदाळे एकीनेच घेतले होते, आणि ती कोण हे चंद्रावतीला चांगलं माहीत होतं. चंद्रावती स्वतः त्या वेळी मसुऱ्याला असायची, काशीराम जाळ्यावर मान टाकून डुलकी घ्यायचा. तब्येत बरी नाही म्हणून रुक्मिणी ते तीन दिवस बाजाराला गेलीच नव्हती.

त्याच सकाळी जाऊन तिच्या झिंज्या धराव्यात असं चंद्रावतीला वाटलं. पण एसटीत, पुढच्या दाराशी बसल्या बसल्या, तिच्या डोक्यात हळूहळू काहीतरी उजळत गेलं. मालवण येईपर्यंत तिचा राग गेला होता, आणि मसुऱ्याला उतरताना ती चक्क गुणगुणत होती. रुक्मिणीने मागच्या बाकावरून ते ऐकलं, आणि तिला ते बरं वाटलं नाही.

चंद्रावतीने आपली जागा सोडली. पाटी उचलली आणि बाजाराच्या दुसऱ्या टोकाला जाऊन रुक्मिणीच्या शेजारी ठेवली. रुक्मिणीने आपली पाटी बोटभर बाजूला सरकवली. दोघींनी मासे मांडले. माई परुळेकर पिशवी घेऊन येताना दिसली, तशी चंद्रावतीने सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं.

"रुक्मिणी, माझ्या बांगड्याक तू मासो घातलंस?"

रुक्मिणीने मान वर केली. तिला लपवायचं नव्हतंच. "घातलंय. तीन दिस घातलंय. मुका जित्राब बांधून उपाशी मारतंस, गळ्यात डबो घालतंस. माझ्यान बघवणा नाय. पाप लागात तुका."

तिचे डोळे खरोखरच भरले होते. चंद्रावतीला हे अपेक्षित नव्हतं. ती क्षणभर अडखळली, पण माई पाच पावलांवर आली होती.

"काय घातलंस?"

"सौंदाळो. कोवळो."

"ताजो होतो?"

"माझो मासो ताजो नाय तर कोणाचो? सकाळचो जाळ्यातलो. शेपूट हालत होती."

"मगे तेका परत खाज उठली कशाक? आंगार रगत इला. तुझोच मासो खाल्ल्यान ना?"

रुक्मिणीने तोंड उघडलं. माईकडे बघितलं. माईने नुकताच तिच्या पाटीतला एक मासा उचलला होता आणि तो नाकाकडे निघाला होता. रुक्मिणीने तोंड मिटलं, आपल्या पाटीकडे बघितलं, आणि पुन्हा उघडलं.

"माशाचो काय दोष?" ती घाईने म्हणाली. "बोकोच मेलो तसो. तेका मासळीच सोसणा नाय."

"डॉक्टर माने ताच म्हणतत," चंद्रावती म्हणाली. "अलर्जी म्हणतत तेका. ताजो, शिळो, कायेक समंध नाय."

"कायेक नाय," रुक्मिणी माईला म्हणाली. "मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय."

माईने न हुंगता एकीकडून पापलेट घेतलं आणि दुसरीकडून सौंदाळे. आणि रुक्मिणी त्या दिवसापासून येणाऱ्या जाणाऱ्या प्रत्येकीला, कुणी न विचारता, चंद्रावतीच्या बोक्याची अलर्जी सविस्तर समजावून सांगू लागली.

डॉक्टर मान्यांना हे कळलं तेव्हा ते चिडतील असं चंद्रावतीला वाटलं होतं. ते उलट खूश झाले. शेवटी मासळी देऊन बघायचीच होती. ते काम शेजारणीने फुकट केलं. आता पुन्हा तोडा, आणि खाज उतरली की विषय संपला. तीन आठवड्यांत ती उतरली. मग डॉक्टरांनी एक एक पदार्थ वाढवायला सांगितला, प्रत्येकाला पंधरा दिवस देऊन. अंडं सोसलं. कोंबडी सोसली. मटणाची गरज उरली नाही, याचं सगळ्यात जास्त दुःख काशीरामला झालं.

पुढे चंद्रावतीचं मसुऱ्यात एक वेगळंच नाव झालं. खाजवणारी मांजरं लोक आधी तिला दाखवायचे. ती पाटी बाजूला सारून बसायची, आणि एरवी तोंडात मालवणीशिवाय शब्द नसलेली चंद्रावती अशा वेळी डॉक्टरांच्या आवाजात विचारायची, "बारमाही खाजवते की ठरावीक ऋतूत?" देवळाच्या पुजाऱ्याने आपली मांजर आणली, तर तिने ओल्या कागदावर फणी झटकून पिसवा दाखवल्या आणि त्याला दवाखान्यात पिटाळलं. आपल्या मांजरीला असं मोठ्या नावाचं काही झालेलं नाही, हे ऐकून पुजारी जरा हिरमुसला.

बांगड्याला पुन्हा दाट केस आले. मोकळं सोडल्यावर वर्षातून एकदोनदा तो कुणाच्या तरी अंगणातला सुका मासा पळवायचाच. मग आठ दिवस तो खाजवायचा, आणि आठ दिवस चंद्रावती त्याला बोलायची. काशीराम जाळ्यावरची नजर न काढता म्हणायचा, "बोल गो, बोल. तेची खाज गेली, की मगे माझी पाळी."